आधी सेल, मग झाकण

रैयाने घुबड पालथं केलं, पाठीच्या शिवणीत दडलेला स्क्रू पिळून काढला आणि आतले तिन्ही सेल तळहातावर ओतून घेतले. सेल चकचकीत होते, नवेकोरे. इतक्या जुन्या खेळण्यात असे सेल तिला क्वचितच सापडत. एरवी आत हिरवट बुरा धरलेला असे आणि तो खरवडण्यातच पहिला तास जाई. माणूस नीटनेटका दिसतोय, एवढंच तिच्या मनात आलं.

तोंडाने ती मागच्या बाकावरच्या ऐलाशी बोलत होती. हातांना तिची गरज नव्हती. मंगळवारच्या वर्गात कुणी नवं खेळणं टेबलावर ठेवलं, की ते हात आपण होऊन पुढे जात, जशी एखादी आई दुसऱ्याच्या पोराचंही नाक सहज पुसून टाकते. फळ्याच्या कोपऱ्यात तिचा नियम कायमचा लिहिलेला होता, सफाईवालेसुद्धा तो पुसत नसत: आधी सेल, मग झाकण. आत वीज असताना पाना घसरला, तर खेळणं जन्माचं मुकं होतं. हे ती दर वर्षी पहिल्याच दिवशी सांगे.

"रैया, माझी गाय बघ ना," ऐला ओरडली. "मांजरासारखी बोलायला लागलीय."

"मग वाजव तशीच. गाईचा आवाज कुणाला हवाय?"

खोली हसली. तांपेरे शहरातल्या कामगार विद्यालयाच्या तळघरातली ही सुतारकामाची खोली. सोमवारी इथे लोक स्टुलं करत, मंगळवारी रैयाकडे खेळण्यांची पोटं फाडत आणि जुन्या संगणकांवर गाणी रचत. हा वर्ग तिने काढला तेव्हा कॉलेजची पोरं येतील असं तिला वाटलं होतं. आले सगळे पेन्शनर. पोरांना हे सगळं फोनवर मिळतं, आणि या लोकांना फोनवरचं काही नको असतं. रैयाला स्वतःलाही कुणी शिकवलं नव्हतं. शाळकरी असताना भावाचा संगणक दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडून तो बिघडवत बिघडवतच ती शिकली होती.

ओइवा कोट अडकवून, थर्मासमधली कॉफी घेऊन परत आला तेव्हा घुबड टेबलावर पालथं पडलेलं होतं आणि सेल रैयाच्या मुठीत होते. निवृत्त बस ड्रायव्हर. उंच, किंचित वाकलेला, उभा राहिला तरी आरशात मागचं बघत असल्यासारखा. वर्गाच्या या सत्रातच आला होता. आतापर्यंत तो प्लास्टिकची एक बस घेऊन बसायचा आणि तिच्या भोंग्यातून निरनिराळे सूर काढायचा. घुबड आज पहिल्यांदाच आणलं होतं.

"अगं, उघडलंस पण?"

"थांबायला हवं होतं का?"

"नाही, तसं नाही." त्याने कप खाली ठेवला. मग घुबडाकडे बघत, रैयाकडे नव्हे, म्हणाला, "यात हेल्वी आहे. माझी बायको. डावा पंख दाबला की म्हणते, कॉफी झाली, ये. आणि शेवटी थोडंसं हसते. मी मागे गॅरेजमध्ये असायचो ना दिवसभर. हाका मारून तिचा घसा बसायचा. मग नातवाचं हे घुबड घेतलं, त्यात एकदाच बोलून ठेवलं आणि खिडकीतून ते माझ्याकडे धरायची."

रैयाची मूठ आवळली. सेलची टोकं तळव्याला रुतली.

"बऱ्याच दिवसांत मी पंख दाबलेला नाही," ओइवा म्हणाला. "धीर होत नाही. पण म्हटलं, माझ्या गाण्यात तिला घ्यावं. तुम्हा लोकांना जुन्या यंत्रांतून काहीही बाहेर काढता येतं म्हणे. ऐला सांगत होती."

"ऐला काहीही सांगते," ऐलाच मागून म्हणाली.

"येतं ना काढता?" ओइवाने विचारलं.

असली स्वस्तातली बोलकी खेळणी रैयाने डझनांनी उघडली होती. त्यातला आवाज सेलच्या जोरावर तग धरून असतो. सेल काढले, की गेला. सेल न काढता त्यांना बाहेरून दुसरी वीज जोडायची, दोन तारांनी, मग काय ते उघडायचं. तिला हे झोपेतही करता आलं असतं. पण त्यासाठी आत कुणी आहे का, हे आधी विचारावं लागतं. जुन्या बाजारातून युरो-दोन युरोला उचललेल्या खेळण्यांत कधी कुणी नसतं. फळ्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. "घरी नेऊ का? नाजूक काम आहे."

"ने की," ओइवा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली, की रैयाला मान वळवावी लागली.

घरी पोचताच, कोटही न काढता, तिने सेल परत बसवले आणि डावा पंख दाबला. फस्स. पुन्हा दाबला. पावसाळी रस्त्यावरून लांबून गाडी जावी तसा आवाज, तेवढाच. तिने पाठ उसवली, आतली सर्किटची पट्टी बाहेर काढली, भिंगाखाली धरली, जे जे तपासता येईल ते तपासलं. ती शोधत नव्हती; शोधल्याचं स्वतःला दाखवत होती. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीवर अक्षरं कुठे सापडतात? शेवटी तिने ते तिन्ही सेल काढून कोटाच्या खिशात टाकले. चौकातल्या दुकानात वापरलेल्या सेलचा डबा होता, येताजाता ती त्याच्यावरून जायची. पण सेल खिशातच राहिले.

पुढच्या मंगळवारी सांगायचं, हे तिने ठरवलं होतं. वाक्यही ठरवलं होतं, ट्राममध्ये ते तिने दोनदा घोळवलं. दारात पोचते तर ओइवा आधीच येऊन बसलेला, संगणक चालू केलेला.

"कशी आहे हेल्वी?" त्याने विचारलं, दवाखान्याच्या पायरीवर कुणी विचारावं तसं.

"येतेय," रैया म्हणाली. "हळूहळू."

ठरवलेलं वाक्य हे नव्हतं.

ओइवाचं गाणं मात्र भराभर वाढत होतं. या जुन्या संगणकांवर गाणं वरून खाली उतरतं. ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीत एक सूर नाहीतर ठोका, आणि वाजताना सगळ्या ओळी पडद्यावरून वर सरकत जातात. ओइवाला ते लगेच जमलं. म्हणाला, थांब्यांची यादी असते तशीच आहे. बसचा भोंगा, वायपरचा ठेका, दार उघडतानाचा सुस्कारा, सगळं त्याने त्या प्लास्टिकच्या बसमधून काढून ओळीत बसवलं होतं. मधे एका ठिकाणी मात्र त्याने ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. गाणं तिथे पोचलं, की खोलीत एकदम शांत होई, रिकाम्या ओळी वर सरकत जात, आणि ओइवा बोट उचलून सांगे, "इथे हेल्वी." मग भोंगा पुन्हा सुरू.

"हेल्वीची बस चुकली वाटतं," एकदा ऐला म्हणाली.

"तिची नाही चुकायची," ओइवा म्हणाला. "बाजारात काळं सॉसेज विकायची ती. पहाटेच्या पहिल्या बसला माझ्याआधी थांब्यावर उभी. उलट मलाच म्हणायची, उशीर झालाय तुला."

सगळे हसले. रैया खिशातले सेल बोटांनी फिरवत राहिली. एक, मग दुसरा, मग तिसरा, जपमाळ ओढावी तशी.

त्या महिन्यात ती वर्गात जरा जास्तच मदत करू लागली. ओइवाला संगणकाचा चांगला पडदा दिला. घरून वेलचीचा गोड पाव भाजून नेला. पुल्ला भाजण्यात तिची ख्याती नव्हती, तरी नेला. ओइवाने दोन तुकडे खाल्ले आणि मऊ झालाय म्हणाला, तेही खोटं होतं. त्याचं खोटं तिला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

"रैया," ऐला एकदा वायर गुंडाळताना हळूच म्हणाली, "तुला बरं नाही का? फळ्यावरचा नियम पुसलास ते."

"जुना झाला होता."

"मग नवा लिही."

रैयाने खडू उचलला. थोडा वेळ तसाच धरला आणि खाली ठेवला.

मे महिन्यात विद्यालयाचा वसंत मेळावा असतो. स्टूलवाले स्टुलं मांडतात, गायनवाले गातात, आणि तळघरवाले वर येऊन लोकांचे कान किटवतात. मेळावा जवळ आला तसा ओइवाने सांगून टाकलं, मुलगी येणार आहे, मार्युत, पार उत्तरेतल्या औलूहून. आईचा आवाज आहे गाण्यात एवढंच तिला सांगितलंय.

त्या शनिवारी सेप्पो, रैयाचा नवरा, अंगणातल्या सॉनाची चूल पेटवायला बाहेर पडला, तशी रैयाने घुबड स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. नवे सेल घातले. उजवा पंख दाबून धरला की घुबड ऐकत राहतं. तिने घसा साफ केला.

"कॉफी झाली. ये."

डावा पंख दाबला. रैयाच बोलली, ठळठळीत रैया. वर्गात हजेरी घेणारी. तिने आवाज खाली आणला, थोडा घशात धरला. पहाटेपासून उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारणाऱ्या बाईचा आवाज कसा असेल? भावाचा तो जुना संगणक तिने अजून ठेवला होता. त्यात ती बोलली, त्यातून आवाजाचे काठ झिजवले, खरखर घातली, आणि छोट्या स्पीकरवरून ते घुबडाला ऐकवलं. यंत्रांनी जरड केलेले आवाज सगळे एकाच गावचे वाटतात, हे ती लोकांना कौतुकाने शिकवायची.

"कॉफी झाली. ये." आणि हसली.

दार उघडलं. सेप्पो हातात कप घेऊन आत आला, बुटांना राख लागलेली.

"कुठंय?"

"काय?"

"कॉफी."

"नाही केली. काम करतेय. जा तू."

तो गेला. तिने पुन्हा सुरू केलं. हसू थोडं लांबवलं, म्हणजे ऊब येईल. पुन्हा दार.

"हे बघ," सेप्पो म्हणाला, "एक तर बोलावू नकोस, नाहीतर कॉफी कर. लाकडं सोडून पळत येतोय माणूस."

"वर्गाचं आहे रे. घुबडाला शिकवतेय."

सेप्पोने टेबलावरच्या घुबडाकडे पाहिलं, पंख दाबला, ऐकलं. मग कप ओट्यावर ठेवला.

"मला कधी असं बोलावलं नाहीस," तो म्हणाला आणि पुन्हा चुलीकडे गेला.

रैयाने स्पीकर बंद केला. मग उठून कॉफी केली, त्याला अंगणात नेऊन दिली, आणि परत येऊन घुबडाची पाठ बारीक टाक्यांनी शिवून टाकली. पूर्वीच्या शिवणीपेक्षाही बारीक.

मंगळवारी ओइवाने घुबड दोन्ही हातांत घेतलं. खोलीतले सगळे त्याच्याभोवती जमले. ऐलाने आपल्या गाईचा गळा दाबून तिला गप्प केलं. ओइवाने पंख दाबला.

"कॉफी झाली. ये," घुबड म्हणालं, आणि हसलं.

"अगं बाई," ऐलाने डोळ्याला हात लावला.

ओइवाने पंख सोडला. पुन्हा दाबला. मान किंचित तिरकी करून, गाडीतून कुठूनतरी नवा आवाज येतोय आणि तो कुठून येतोय ते शोधायचंय, अशा पद्धतीने ऐकलं. मग रैयाकडे पाहिलं. पहिल्यांदाच थेट पाहिलं असं तिला वाटलं.

"बराच स्पष्ट आलाय."

"थोडी खरखर राहिली," रैया म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला घुबडातून आल्यासारखा वाटला.

"असू दे. आपण तरी कुठे खरखरत नाही." तो संगणकाकडे वळला आणि रिकाम्या ओळींवर पडद्याचा ठिपका नेऊन ठेवला. "चल, हिला बसव. उशीर झालाय."

मेळाव्याला हॉल भरलेला होता. ओइवा निळा सदरा घालून मंचावर उभा राहिला, बसच्या आरशात बघावं तसं एकदा प्रेक्षकांकडे बघून घेतलं आणि गाणं सुरू केलं. भोंगे, वायपर, दारांचे सुस्कारे. एक सबंध मार्ग धावू लागला, लोक पायांनी ठेका धरू लागले. मग ती जागा आली. सगळं थांबलं. ओइवाने घुबड माइकशी धरलं, खिडकीतून कुणाला दाखवावं तसं उंच, आणि पंख दाबला.

पहिल्या रांगेत एका बाईने दोन्ही तळवे तोंडावर दाबले.

टाळ्या सरल्यावर कॉफीच्या टेबलाशी ती बाई रैयाला गाठायला आली. ओइवाचीच उंची, ओइवाचीच वाकलेली मान.

"तू रैया ना? मी मार्युत." तिने रैयाचे दोन्ही हात धरले. "कसं काढलंस? मला सांग, कसं काढलंस तू?"

"म्हणजे—"

"ते घुबड तर मुकं झालं होतं. आई गेली त्याच हिवाळ्यात बाबाने त्यात नवे सेल घातले, आवाज जरा मंदावला म्हणून. आणि गेलं सगळं. नुसती फसफस. मी आले तेव्हा दिवसच्या दिवस गॅरेजमध्ये बसलेला. माझ्या हातून गेली म्हणायचा, दुसऱ्यांदा गेली. दर वर्षी सेल बदलून बघायचा, कदाचित बोलेल म्हणून. कुणाला सांगू नकोस म्हणाला होता, पण तुला काय, तुला तर माहीतच असणार. आणि तू काढलीस परत! मला तर तिचा आवाज कसा होता तेच आठवेनासं झालं होतं."

रैयाने हात सोडवून घेतले; हळूच, कारण तिला खिशात हात घालायचा होता. सेल होते तिथेच होते. चकचकीत, नवेकोरे. पुसलं ते तिने नव्हतंच. पुसलेल्या जागी लिहिलं तेवढं तिने.

"मार्युत," ती म्हणाली, "ऐक, तो आवाज..."

"आचाऱ्याला मसाला विचारू नये," मागून ओइवा म्हणाला. त्याच्या एका हातात पुल्लाची बशी होती, काखेत घुबड. "मार्युत, गाडी दारात आण बघू. माझे गुडघे संपले."

मार्युतने रैयाला मिठी मारली, घट्ट, आणि डोळे पुसत किल्ल्या शोधत गेली.

दोघं टेबलाशी उरले. ओइवाने बशी खाली ठेवली. गळ्यातला मफलर काढून तो घुबडाला गुंडाळू लागला, चोच तेवढी बाहेर ठेवून.

"ओइवा, मला तुला..."

"हे सेल किती टिकतील?"

रैयाने खिशातली मूठ सोडली.

"वर्षभर. जपून वाजवलंस तर दोन वर्षं."

"मार्युत जपून वाजवणाऱ्यांतली नाही." त्याने मफलरचं टोक आत खोचलं. "आणि मग?"

बाहेर गाडीचा भोंगा वाजला, एकदा, छोटासा.

"मग माझ्याकडे घेऊन ये," रैया म्हणाली. "मी बदलून देईन."

"मला वाटलंच." ओइवाने बशीतला पुल्लाचा एक तुकडा उचलला, खिशात टाकला आणि दाराकडे निघाला. दोन पावलांवर थांबला. वळला नाही, नुसती मान जरा तिरकी केली.

"तेव्हा मात्र जरा कमी हस," तो म्हणाला. "हेल्वी इतकी हसरी नव्हती."